कोसे उतरेपर्यंत

कांता बोलायला लागली की बोडीटोल्यातल्या म्हाताऱ्या कानावर पदर ओढून घेत. ती वाईट बोलायची असं नाही. जे सगळ्यांना दिसतं आणि कुणीच बोलत नाही ते ती नेमकं बोलून टाकायची, आणि तेही ज्याचं त्याच्या तोंडावर. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच पंगतीत तिने सांगितलं होतं की मासोळी शिळी आहे. ढिवरांच्या पंगतीत, नव्या नवरीने. सासू गिरजाबाईने कपाळाला हात लावला. नवरा डोमा मात्र तिच्याकडे बघून पहिल्यांदा हसला, कारण मासोळी खरंच शिळी होती.

असं तोंड असलेली ही बाई त्या वर्षी पावसाळाभर गप्प राहिली, आणि त्या गप्प राहण्याने तिचा संसार बुडणारच होता, तो थोडक्यात वाचला. ती हकिकत अशी.

गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन चारेक वर्षं झाली होती. कुरखेड्याच्या पुढे, जंगलाच्या कडेला असलेल्या या टोल्यात, म्हणजे लहानशा वस्तीत, ढिवरांचीच घरं जास्त. ढिवर म्हणजे जाळं आणि पाणी. पण पाऊस सरता सरता टोल्यातले काही जण जाळं खुंटीला अडकवून कोसा करायला रानात जात. ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे सोडायचे. ते पाला खाऊन बोटाएवढे होतात, मग स्वतःभोवती कोसा विणतात, आणि ते कोसे उतरवून बाजारात न्यायचे. ऐकायला सोपं आहे. पण किडा झाडावर असतो तोवर त्याच्यावर कावळ्याचा डोळा, मुंगळ्यांचा डोळा आणि टोल्याच्या मते डाकिणीचाही डोळा. म्हणून राखण करणाऱ्याने तोवर रानातच राहायचं. दाढी करायची नाही, डोक्याला तेल लावायचं नाही. एक वेळ जेवायचं, तेही मासोळीशिवाय, म्हणजे ढिवराला उपासच. भुईवर निजायचं, वायफळ बोलायचं नाही, बायकोच्या जवळ जायचं नाही. रानाच्या तोंडाशी शेंदूर फासलेला एक दगड होता. त्याच्या पलीकडे बाईने पाऊल टाकलं की किडे झडतात, आणि ते एकट्या घराचे नाही, शेजाऱ्यांच्या वाट्याला आलेल्या रानाच्या साऱ्या पट्ट्यांतले, असा समज होता. हा नियम कुणी घातला ते कुणाला ठाऊक नव्हतं. मोडायची छाती मात्र कुणाची नव्हती.

आता बघा. माणसाचं मन आजारी पडलं की तो काय करतो? दाढी करत नाही, तेल लावत नाही, जेवत नाही, बोलत नाही, बायकोकडे बघत नाही. टोल्याला वाटलं, डोमाइतका कडक नेमाचा माणूस यंदा दुसरा नाही. म्हातारे आपल्या पोरांना त्याचं उदाहरण देऊ लागले. "याले म्हंतेत कोसा करनं," ते म्हणत.

पण डोमाचं हे सगळं दगडाच्या पलीकडे जाण्याआधीच, रोवण्याच्या, म्हणजे धान लावायच्या दिवसांत सुरू झालं होतं, आणि ते फक्त कांताला ठाऊक होतं. हातात धानाची पेंढी घेऊन तो बांधावर नुसता बसून राहायचा. कोंबडं आरवायच्या कितीतरी आधी उठायचा आणि अंधारात भिंतीला टेकून बसायचा. दोन्ही पोरी त्याच्या पाठीवर चढायच्या, आणि भिंतीवर चढल्यासारख्या उतरून जायच्या. काय झालं विचारलं की म्हणायचा, "काई नाई." आणि खरंच काही झालं नव्हतं. धान बरं होतं, पोरी धडधाकट होत्या, भावाभावांत तंटा नव्हता. तांदळातला खडा शोधावा तसं कांताने कारण शोधलं, पण ते सापडलं नाही. कारण नाही म्हणजे दुखणंही नसेल, असं तिने स्वतःला समजावलं. तो कोशावर गेला तेव्हा तिला बरंच वाटलं. रानात मोकळं वाटेल त्याला, असं ती म्हणाली. सगळ्या शहाण्यांची होते तशी तिचीही चूक झाली.

रोज दुपारी ती दगडापाशी भात, लाखोळीची डाळ आणि अंबाडीची भाजी ठेवायची, हाक मारायची आणि परत फिरायची. भांडं रिकामं मिळायचं. पण एक दिवस वाटेत त्यांचं कुत्रं लाल्या आडवं आलं आणि ती थबकली. कोशाच्या रानात मालकासोबत राहिलेलं कुत्रं वाळतं. हे गुबगुबीत झालं होतं. डोमाचं जेवण कोण खातंय ते कांताला कळलं. घरी येऊन तिने सासूला सांगितलं. सासू म्हणाली, नेमाच्या माणसाबद्दल असं बोलू नये.

मग अचानक चांगलं झालं. एका दुपारी झाडांच्या आडून डोमाचा आवाज आला, "भाजी बरी होती कालची." मोकळा, हलका आवाज. महिनाभरात त्याने तोंड उघडलं नव्हतं. गिरजाबाईने देवापुढे दिवा लावला. त्या रात्री कांताही गाढ झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा भासरा, म्हणजे डोमाचा थोरला भाऊ पत्रू, अंगणात जाळं पसरून बसला होता. नुकतीच दाढी केलेला, घरच्या मासोळीच्या वासाने खूश. कांता शेण घेऊन चालली होती, तिची पावलं थांबली. ते जाळं पत्रूचं नव्हतं. दोन हिवाळे बसून डोमाने ते स्वतः विणलं होतं आणि पोरींनाही त्याला हात लावू देत नसे.

भासऱ्याशी सुनेने थेट बोलायचं नसतं. म्हणून तिने पदर पुढे ओढला आणि कुडाच्या भिंतीला विचारलं, "हे जाळं इथी कसं आलं?"

"डोमानं देल्लं," पत्रू म्हणाला. "काल मी रानाकडं गेलो होतो. म्हने, भाऊ, आता तूच वापर."

"आन ते काय वापरतीन?" कांताने भिंतीला विचारलं.

"मीबी तेच इचारलो. तं हासला. लई दिसानं हासला. म्हने, कोसे उतरले का कांताले पोरी घेऊन तिच्या भावाकडं धाडून देजो काही दिवस." पत्रूने एक गाठ दाताने ओढली. "सुधरला पोरगा."

कांताच्या हातातली शेणाची पाटी खाली आली. जाळं देऊन टाकणारा ढिवर तिने आयुष्यात पाहिला नव्हता. कालचा तो हलका आवाज तिला पुन्हा ऐकू आला, आणि तो का हलका होता हे तिला कळलं. त्याचं ठरलं होतं. फक्त कोसे उतरायचे बाकी होते, आणि ते आता आठवडाभरातही उतरले असते.

"मी रानात जातो," ती म्हणाली.

"बाई, डोस्कं फिरलं का तुहं?" पत्रू उठला. "सोन्यासारखे किडे हायेत. नथ्थूची पट्टी लागूनच हाय, तो तं जीव घेईन. कोसे उतरू दे. चार रोजाची गोष्ट. मंग घरी आला का बस त्याच्याजवळ, इचार काय इचाराचं ते."

तेव्हा कांताने डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि पहिल्यांदाच भासऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलली. "भाऊ, ते कोसे उतराचीच वाट पाहून राह्यले. काम अर्धं टाकनारे मानूस नोहेत ते. कोसे उतरले का त्याइले धरून ठेवाले काईच रायत नाई."

पत्रूला अर्थ कळायला वेळ लागला. कळला तसा तो चिडला. "असं अभद्र बोलू नोको. नाव घेतलं का ते घरात येते."

ओट्यावर गिरजाबाई डाळ पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला.

"ते घरात येऊन गेलं हाय, पत्रू," ती म्हणाली. "नाव न घेताच."

पत्रू आणि कांता दोघंही तिच्याकडे वळले. म्हातारी सुपाकडेच बघत होती.

"तुहा काका झाडू तापानं नाई गेला. आपल्या हातानं गेला. मी या घरात नवीन होती. तो जेवत नाई, बोलत नाई, हे मले दिसत होतं. मी तुह्या बापाले म्हनली, त्याले इचारा एक डाव. तुहा बाप म्हने, धान कापून होऊ दे." तिने सूप खाली ठेवलं. "धान कापून झालं. मंग कोनाले इचारता?"

इतकी वर्षं त्या घरात झाडूचं नाव निघालं की ताप, ताप म्हणत आले होते. 

"जा, कांते," गिरजाबाई म्हणाली. "किडे मेले तं मेले."

कांता धावतच निघाली. दगडापाशी तिचे पाय थांबले. तिला भीती वाटली, आणि ती देवाची, गावाची की उशीर झाल्याची हे तिचं तिलाच उमगेना. पलीकडून कावळ्यांचा कलकलाट ऐकू येत होता. तिने मान वर केली. कावळे ऐनाच्या फांद्यांवर बसून निवांत किडे टिपत होते आणि गुलेलीचा एकही खडा येत नव्हता. राखणदार असताना कावळे असे बसत नाहीत.  दगड कधी ओलांडला ते तिला कळलंही नाही.

"अजी," तिने हाक मारली. "अजी, कुठी हाये?"

 काट्याने लुगडं फाटलं, ते तिने तसंच ओढलं. राखणीची झोपडी रिकामी होती. मागच्या बाजूने लाल्याने शेपटी हलवत तिला पुढे नेलं, आणि एका ऐनाच्या बुंध्याशी डोमा बसलेला दिसला. गुलेल मांडीवर, डोळे उघडे. तो जिवंत होता. कांता त्याच्यासमोर मातीतच बसली.

"तू काऊन आली?" तो म्हणाला. "किडे झडतीन." आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं.

वाटभर तिने गोड शब्द जुळवले होते. त्यातला एकही तोंडात आला नाही. आला तो नेहमीसारखा सरळच.

"तुमी मराचं ठरवलं का?"

डोमाने तिच्याकडे पाहिलं. कावळे ओरडत होते. तो म्हणाला, "तुले कोनं सांगतलं?"

"जाळ्यानं," कांता म्हणाली.

तेव्हा त्याचा चेहरा मोडला. तो रडला, आणि रडता रडता तुटक बोलत राहिला. "कोनाचं काई नाई चुकलं, कांता. सकाळी उठलो का छातीवर जातं ठेवलं हाय असं वाटते. पोरी हासतेत, ते आयकू येते, पन पान्याखालून आयकल्यावानी. भात माती लागते. मी हावो तेच तुमच्यावर ओझं हाय. नसलो तं तुमी सुटसान."

कांताला संताप आला. दोन पोरी आहेत, मी आहे, म्हातारी आहे, आणि हा म्हणतो सुटाल. जिभेवर आलेलं सगळं तिने गिळलं. बोलत्या तोंडाला गप्प राहायला किती ताकद लागते हे तिला त्या दिवशी कळलं. तो बोलायचा थांबेपर्यंत ती ऐकत राहिली. मग तिने त्याचा हात धरला.

"ओझं तुमी नाई. ओझं तुमच्यावर हाय. मले दिसत होतं आन मी इचारली नाई," ती म्हणाली. "हे काय हाय ते मले नाई समजत. पन कुरखेड्याले डाक्टर हाय, त्याले इचारू."

"येड्याच्या दवाखान्यात धाडतीन मले."

"धाडू दे. मी संगं येतो. पन आजपासून एकटं नाई सोडत तुमाले."

त्याने वर फांद्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "आन किडे?"

या प्रश्नाने कांताला रडू फुटलं. त्याला अजून कशाची तरी काळजी होती.

तेवढ्यात पाठीमागून कुणीतरी जोराने हाकारे घातले आणि कावळे उडाले. पत्रू होता. पोटात मासोळी, गालावर ताजी दाढी, सगळे नेम मोडून तो कोशाच्या रानात उभा होता. त्याने भावाच्या तोंडाकडे बघायचं टाळलं, वाकून त्याच्या मांडीवरची गुलेल उचलली आणि म्हणाला, "जा तुमी. मी पायतो इथलं." मग जरा थांबून, "डोमा, जाळं तुहंच हाय. मी नुसतं सुकवाले घेतलं." हे तो खोटंच बोलला.

कुरखेड्याच्या दवाखान्यातला डॉक्टर बाहेरगावचा, वयाने लहान. कांताने दोन वाक्यं सांगितली तेव्हा त्याने कंपाउंडरला बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि डोमाला तोच प्रश्न विचारला. मरायचं मनात येतं का? कधीपासून? आजही येतं का? कांता थक्क झाली. म्हणजे हे विचारायचंच असतं, ते अभद्र नसतं.

"हा आजार आहे," डॉक्टर म्हणाला. "मलेरिया असतो तसाच आजार. मलेरियाच्या माणसाला आपण 'थंडी वाजवून घेऊ नको' असं सांगतो का? तसंच याला 'मनाला लावून घेऊ नको' सांगून उपयोग नाही. यात तुमची चूक नाही आणि बाईंचीही नाही." गोळ्या लगेच लागू पडणार नाहीत, दोन-तीन आठवडे लागतील, हेही त्याने सांगितलं. तोवर डोमाला एकटं सोडायचं नाही, दर आठवड्याला दाखवायचं, आणि गरज पडली तर नागपूरच्या मोठ्या डॉक्टरकडे न्यायचं. "मधेच जास्त वाटलं तर ठरल्या दिवसाची वाट बघू नका. तडक या."

ते आठवडे वाईट गेले. गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, डोमा दिवसा पेंगायचा. गिरजाबाई, पत्रू आणि कांता आळीपाळीने त्याच्याजवळ बसत. कधी बोलत, कधी नुसतेच. कांता भांडी घासतानाही कान तिकडे ठेवायची आणि आत शांत झालं की हातातलं टाकून बघून यायची. एका सकाळी डोमा चुलीपाशी येऊन बसला आणि स्वतःहून म्हणाला, "कांता, आज लई येऊन राह्यलं मनात." तिने भात उतरवला, पोरी सासूकडे दिल्या आणि त्याला घेऊन थेट सडकेवर बस गाठली. डॉक्टरने गोळी बदलली. त्यानंतर हळूहळू, धान कापणीच्या सुमाराला, एक दिवस डोमाने भात मागून घेतला. फार मोठं काही झालं नाही. त्याने फक्त भात मागून घेतला, आणि गिरजाबाई परसात जाऊन रडून आली.

पण त्या वर्षी कोसा कमी उतरला. वेळी अवेळी पाऊस झाला होता, तरी टोल्याने ठरवलं की कोसा कांताच्या पावलानेच कमी झाला. भर दुपारी पंच बसले. सगळ्यात मोठा आवाज शेजारच्या पट्टीवाल्या नथ्थूचा. हिने सगळ्यांसमोर चूक कबूल करावी, नाहीतर घर वाळीत टाकावं, असं तो म्हणाला. कांता उठणार होती आणि तिने काय ऐकवलं असतं ते देव जाणे. पण तिच्याआधी डोमा उभा राहिला. 

"मी मरनार होतो," तो म्हणाला. "कोसे उतरले का मरनार होतो. हे आली मनून तुमच्यासमोर उभा हावो. आता किड्याचं काय ते बोला."

 एक म्हातारा पुटपुटला की चारचौघांत असं बोलत नाहीत. शेवटी पंचांनी दगडाची पूजा करायला लावली, पुढचा हंगाम या घराने कोसा करायचा नाही असं ठरवलं पण वाळीत टाकून पंगत बंद केली नाही. कांताला ते पटलं नाही, आणि तिने तसं सांगूनही टाकलं.

पुढे मोहाची फुलं पडायला लागली त्या दिवसांत नथ्थू एका सकाळी अंगणात येऊन उभा राहिला. कांता मोहफुलं वाळत घालत होती. तिला वाटलं, नवी तक्रार असेल.

"तो डाक्टर," नथ्थू जमिनीकडे बघत म्हणाला, "रोज बसते का?"

"रोज बसते. कोनासाठी पायजे?"

"असंच. एक सोयरा हाय माहा."

कांताने त्याच्याकडे नीट पाहिलं. पंचांत गरजणारा हा माणूस, सदरा त्याच्या अंगावर लोंबत होता आणि डोळे कित्येक रात्री न मिटल्यासारखे होते. तिने हातातली फुलं टोपलीत टाकली आणि त्याच्यासमोर खाली बसली.

"नथ्थूभाऊ," तिने विचारलं, "तुमच्या मनात मराचं येते का?"

नथ्थूने आधी मागे वळून कुणी ऐकलं नाही ना ते पाहिलं. मग होकाराची मान हलवली.

डोमा आतून सदऱ्यात हात घालतच बाहेर आला. तो काही समजावत बसला नाही. "चाल, बस भेटते आपल्याले," म्हणाला. "डाक्टराले पयले काय सांगाचं, ते मी वाटेनं सांगतो तुले." आणि नथ्थूचा हात धरून तो सडकेकडे निघाला.